वीरगळांचा पट: चित्र आणि जागा धरून जालावरची माहिती कशी लावता?

शिलारेखा
नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं झाली, मी जालावरचे वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) साठवते आहे. म्हणजे त्यांची छायाचित्रं, ब्लॉगांवरचे लेख, कुणी कुठल्या समूहात टाकलेल्या चार ओळी, जुन्या गॅझेटिअरची पानं. दिसेल ते बुकमार्क करायचं. आकडा चारशेच्या पुढे गेला आणि एक दिवस भाचीने विचारलं, "मावशी, तो जहाजांचा वीरगळ कुठला गं?"

मला तो डोळ्यांसमोर दिसत होता. वल्ह्यांची रांग, एकामागे एक नावा. पण बुकमार्कांमधून तो काढायला अख्खी संध्याकाळ गेली, कारण ज्या लेखात तो होता त्याचं शीर्षक होतं 'रविवारची भटकंती, भाग ७'. बोरिवलीच्या एकसरचा वीरगळ तो. शीर्षकात ना बोरिवली, ना एकसर, ना वीरगळ.

त्यात शब्दांची पंचाईत वेगळीच. कुणी वीरगळ लिहितं, कुणी विरगळ, कुणी वीरगल, कुणी नुसतंच 'देवळामागचा कोरीव दगड'. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची आणखी चार स्पेलिंगं. शोधयंत्राला एक शब्द दिला की बाकीचे निम्मे हातचे जातात.

त्या संध्याकाळी मला माझी नोकरी आठवली. एकतीस वर्षं मी पोस्टात होते, त्यातली नऊ सॉर्टिंगला. समोर खणांची उभी चौकट. पहिला महिना खणावरची नावं वाचावी लागतात. पुढे हात आपोआप जातो. वाई वर डावीकडे, फलटण मधल्या ओळीत, दहिवडी खाली कोपऱ्यात. बदली झाली आणि नव्या ठिकाणी खणांचा क्रम वेगळा निघाला, तेव्हा आठवडाभर माझा हात जुन्याच जागी जायचा. नाव वाचून काम करणं आणि जागा ठाऊक असणं यात केवढा फरक आहे, हे मला हातानेच शिकवलं.

म्हणून आता मी असं केलंय. संगणकावर एक मोठा कोरा फलक घेतला (व्हाइटबोर्डसारखे बरेच प्रोग्रॅम फुकट मिळतात, कुठलाही चालेल). प्रत्येक वीरगळाचं छोटं चित्र त्यावर ठेवलं. खाली क्रमांक, गाव, तालुका, मूळ पानाचा दुवा. आणि जागा मी स्वतः ठरवली. गाई सोडवताना पडलेले वीर डावीकडे. घोडेस्वार मधे. नौकांची लढाई अगदी उजवीकडे, समुद्र तिकडे असल्यासारखी. सतीशिळा, म्हणजे कोपरात दुमडलेला बांगड्यांचा हात, खालच्या ओळीत. गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दानाचे दगड, त्यांच्या शेजारी.

ज्यांना वीरगळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, बऱ्याचदा शेजारी गाई. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला हात धरून नेताहेत. सर्वांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्याला कलश, चंद्र, सूर्य. कोरणाऱ्याने सगळी गोष्ट जागेवर बेतली आहे. अक्षर न येणाऱ्यालाही कळावी म्हणून. असे चारशे दगड मी अक्षरांच्या यादीत कोंबून ठेवले होते, याचं मला वाईट वाटलं.

फलकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तेवीस चित्रं आहेत, ज्यांचं गाव लागत नाही. त्या जागेला मी 'बेवारस' म्हणते.

तुम्ही काय करता? वीरगळच असं नाही. रांगोळ्या, किल्ले, रानफुलं, जुन्या पैठण्यांचे काठ, काहीही. चित्रं आणि जागा धरून माहिती कशी लावता, कशी शोधता? सविस्तर लिहा.

गणिती
धागा आवडला, पण पद्धत पटली नाही. चारशे नोंदी म्हणजे सरळ एक्सेल. गाव, तालुका, जिल्हा, चौकटी किती, घोडा आहे का, गाई आहेत का, दुवा. फिल्टर लावला की दोन सेकंदांत उत्तर. तुमच्या फलकाला विचारा, सातारा जिल्ह्यात चार चौकटींचे घोडेस्वार वीरगळ किती? बोटाने मोजत बसावं लागेल. शिवाय चारशेचे दोन हजार झाले की फलकावर मुंगीएवढी चित्रं दिसतील.

शिलारेखा
गणिती, मोजायला सारणीच हवी, मान्य. मी ती केलीय, म्हणून तर प्रत्येक चित्राखाली क्रमांक आहे. पण सारणीत शोधायचं तर कशाचा शोध घ्यायचा हे आधी शब्दांत ठाऊक असावं लागतं. "नवव्या स्तंभात काय लिहिलं होतं" हे मला आठवत नाही. गाईने मान मागे वळवली होती हे आठवतं. गाईच्या मानेचा स्तंभ मी केला नव्हता, आणि करणार तरी किती स्तंभ?

ग्रंथपाल
ताईंनी जे हाताने शोधलं त्यावर प्रयोग झालेले आहेत, म्हणून थोडं लांबण लावते.

१९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात जॉर्ज रॉबर्टसन, मेरी झेरविन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डेटा माउंटन' नावाची रचना करून पाहिली. पडद्यावर एक तिरका उतार. लोकांना शंभर वेबपानं दिली. प्रत्येकाने त्या पानाचं छोटं चित्र उतारावर हवं तिथे ठेवायचं. मग एकेक पान शोधायला सांगितलं. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोररमधल्या 'फेव्हरिट्स'च्या यादीपेक्षा लोकांना पानं लवकर सापडली आणि चुकाही कमी झाल्या.

खरी गंमत पुढे आहे. काही महिन्यांनी त्याच लोकांना परत बोलावलं. त्यांची सवय फारशी मोडली नव्हती. मग छोटी चित्रं काढून टाकून नुसते कोरे चौकोन ठेवले. सुरुवातीला लोक अडखळले, पण थोड्याच वेळात कोऱ्या चौकोनांवरूनही पानं काढायला लागले. म्हणजे जागेने स्वतःच बरंच काम केलं होतं. मात्र चौकोनावर माऊस नेला की पानाचं नाव दिसायचं, हेही ध्यानात ठेवा. जागा जवळ नेते, खात्री नाव देतं.

तिरका उतारच हवा का? न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात पुढे सपाट आणि त्रिमित मांडणीची तुलना झाली. त्रिमितीने फायदा दिसला नाही, उलट लोक मंदावले. तेव्हा ताईंचा सपाट फलक अगदी बरोबर आहे.

यातून मी एकच गोष्ट उचलते: वस्तू तुम्ही स्वतः ठेवलेली असावी आणि ती तिथेच राहावी. फोनमधल्या फोटोंच्या ॲपची जाळी ही मांडणी नव्हे. तिथे नवा फोटो आला की सगळे एकेक घर सरकतात. पिंटरेस्टवरही मुख्य पान दर वेळी निराळं. डोळ्यांना चित्र मिळतं, जागा मिळत नाही. वाचनालयात आम्ही कपाटं हलवली की नेहमीचे वाचक दारातच थबकतात, त्यांचे पाय जुन्या कपाटाकडे वळलेले असतात.

शिलारेखा
ग्रंथपालताई, 'जागा जवळ नेते, खात्री नाव देतं' हे लिहून ठेवलं.

बंगळूरकर
मी बारा वर्षं बंगळूरात आहे. इथे वीरगल्लु म्हणतात, आणि गावोगाव आहेत. तमिळनाडूत नडुकल. गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्र आणि कच्छमध्ये, पाळिया. मराठी शब्द टाकून शोधलंत तर हे तिन्ही कधी समोर येणार नाहीत. चित्र टाकून शोधलंत तर येतात. मला एका कन्नड ब्लॉगवर असा दगड मिळाला की वाईजवळच्या किकलीत पाहिलेल्याचा भाऊ शोभावा. कन्नड वाचता येत नव्हतं, पण अप्सरांचे हात तसेच वर गेलेले. ओळख आधी पटली, भाषांतर नंतर केलं.

एक युक्ती: गूगल लेन्सला (चित्र दाखवून शोधायची सोय) अख्खा दगड दाखवू नका. अख्ख्या दगडावर ते 'देवळातलं शिल्प' इतकंच धरून बसतं आणि कुठल्याही मूर्ती दाखवतं. एकच चौकट कापून द्या. लढाईची दिलीत तर लढाईच्या चौकटी येतात, गाईंची दिलीत तर गाईंच्या.

दुसरं, इथल्या मिथिक सोसायटी या इतिहास-अभ्यासाच्या संस्थेने शहर-परिसरातल्या शिलालेखांचं त्रिमित स्कॅनिंग चालवलंय, त्यात वीरगल्लूही आहेत. झिजलेलं अक्षर साध्या फोटोत सपाट दिसतं, पण त्रिमित प्रतिकृतीवर उजेडाची दिशा बदलली की उठून येतं. महाराष्ट्रातल्या गावागावांतल्या दगडांसाठी असं व्हावं ही फार मनापासूनची इच्छा आहे.

पाऊलखुणा
मला इथे एक सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी एका समूहावर पाच चौकटींच्या सुंदर वीरगळाचा फोटो आला, खाली गावाचं नाव. मी आणि मित्र पहाटे निघालो, एकशे चाळीस किलोमीटर. गावात पोहोचलो तर तसा दगडच नाही. गुरवकाकांनी देवळाच्या चारही बाजू फिरवून दाखवल्या, चहा पाजला, आणि म्हणाले, "याच्या आधी दोन गाड्या येऊन गेल्या याच फोटोसाठी."

घरी येऊन तो फोटो उलटा शोधला, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला दिलं. टिनआय ही सेवा २००८ पासून आहे, गूगलमध्येही २०११ पासून चित्र देऊन शोधता येतं. तोच फोटो चार ठिकाणी, चार गावांच्या नावांनी. सगळ्यात मोठ्या आकाराची आणि सगळ्यात जुनी प्रत शोधली, ती एका भटक्याच्या ब्लॉगवर निघाली. तिथे खरं गाव होतं, आम्ही गेलो त्याच्या उलट्या दिशेला.

तेव्हापासून माझा नियम: चित्र मिळालं की आधी ते उलटं शोधायचं, मगच त्याला जागा द्यायची. चुकीच्या गावावर ठेवलेलं चित्र पुसट होत नाही, उलट पक्कं होतं, कारण डोळा त्याला तिथेच बघायला शिकतो.

आणि एक विनंती. स्वतः काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की त्यातली ठिकाणाची आणि वेळेची नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ती टिकते.

गणिती
पाऊलखुणा, हे महत्त्वाचं आहे. मग सारणीत आणखी एक स्तंभ हवा, 'गाव कुणी सांगितलं': स्वतः पाहिलं, मूळ ब्लॉग, की फिरता फोटो. ताई, फलकावर हे रंगाने दाखवता येईल. स्वतः पाहिलेल्याला हिरवी कड, फिरत्याला तांबडी.

शिलारेखा
आजच बसते. हिरव्या कडा किती निघतात याची धाकधूक वाटतेय.

झाडपाला
+१. वाचतोय. फलकाइतकाच नकाशाही वापरता का?

शिलारेखा
झाडपाला, हो. पट सांगतो कोण कुणासारखं, नकाशा सांगतो कोण कुणाजवळ. दोन्ही लागतात. गूगलच्या 'माय मॅप्स'मध्ये एका नकाशात दहा थर करता येतात. मी प्रकारानुसार थर केले: गोरक्षण, घोडेस्वार, सतीशिळा, असे. सगळे थर बंद करून फक्त गोरक्षणाचा चालू केला आणि खिडकीशी जाऊन बसले थोडा वेळ. पटावर विखुरलेले दगड नकाशावर माणदेशाच्या माळांवर एका पट्ट्यात आले होते. माझा संग्रह म्हणजे काही पाहणी नव्हे, लोक जिथे फिरतात तिथलेच फोटो माझ्याकडे येतात. तरी चरायची कुरणं आणि गाईंसाठी पडलेले वीर असे शेजारी दिसले की प्रश्न सुचतो. यादीने मला अकरा वर्षांत तो सुचवला नव्हता.

ग्रंथपाल
नकाशा कुठेही करा, पण महिन्याकाठी त्याची केएमएल फाईल (नकाशावरची सगळी ठिकाणं साठवणारी) उतरवून घरच्या संगणकावर ठेवा. पॅनोरामिओ आठवतं? ठिकाणासकट फोटो लावायची सोय होती, सह्याद्रीतले कितीतरी कोपरे तिथे होते. २०१६ मध्ये ते बंद झालं. फलकाचीही मोठी प्रतिमा काढून ठेवा. मांडणी हीच माहिती आहे, नुसते दुवे वाचवून ती वाचत नाही.

रानजाई
मी रानफुलांच्या बाजूची. आमच्याकडे चित्रावरून ओळखणं हेच सगळं काम. फूल, पानाची मागची बाजू, खोड, अशी तीन चित्रं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली की आधी संगणक सुचवतो, मग माणसं दुरुस्त करतात. सह्याद्रीतल्या बारक्या प्रजातींत संगणक पुष्कळदा चुकतो, तेव्हा माणसाच्या दुजोऱ्याशिवाय मी नोंद धरत नाही.

पण मी लिहायला आले ते वेगळ्या काळजीपोटी. तिथे संकटग्रस्त प्रजातीचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं. अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकटीत ठिपका कुठेतरी पडतो. कारण नेमका ठिपका दिसला की उपटून नेणारेही पोहोचतात. ताई, तुमचा नकाशा सगळ्यांना खुला आहे का? एकट्या माळावरचा सुटा वीरगळ गाडीत घालून न्यायला किती वेळ लागतो?

शिलारेखा
रानजाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नकाशा आत्ता बंद केला. देवळाच्या आवारातले, गावाच्या नजरेतले दगड नेमके ठेवीन. माळावरच्या सुट्यांना फक्त तालुक्याच्या गावावर ठिपका.

कानाने_वाचतो
नमस्कार. मी पूर्ण अंध आहे, पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर हा धागा ऐकला. विषय माझ्या आवडीचा, म्हणून स्पष्ट लिहितो.

तुम्ही सगळे ज्या फलकाचं कौतुक करताय तो मी उघडला. मला ऐकू आलं: "चित्र. चित्र. चित्र. दुवा. चित्र." चारशे वेळा. तुमची यादी नीरस होती, पण त्या यादीत मला प्रवेश होता. काही संकेतस्थळं आपोआप वर्णन देतात, ते "बाहेरचं दृश्य, दगड" एवढ्यावर थांबतं. सगळेच वीरगळ बाहेर असतात आणि सगळेच दगड असतात.

जागा मलाही कळते, गैरसमज नको. माझ्या खोलीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे, कुणी तांब्या वीतभर सरकवला तरी मला कळतं. लहानपणी आजोबांनी माझा हात धरून एका वीरगळावरून खालून वर फिरवला होता. आडवा वीर, गाईचं शिंग, मग वर गुळगुळीत कलश. त्या चौकटींची उंची मला अजून बोटांत आठवते. तेव्हा मला मांडणी नको आहे असं नाही. प्रत्येक चित्रामागे पर्यायी मजकुराची जागा असते, तिथे चौकटी खालून वर शब्दांत लिहा. "वीरगळ १७" असं नको. दगडावर काय कुठे आहे ते लिहा.

शिलारेखा
दादा, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. चारशे वर्णनं लिहायला वेळ लागेल, पण लिहीन. सुरुवात बेवारस कोपऱ्यापासून करते, म्हणजे इथे सगळ्यांनाच उपयोग होईल. ही पहिली:

क्रमांक २१७. गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा दगड, किंचित उजवीकडे कललेला. खालची चौकट: वीर पाठीवर आडवा, डोकं डावीकडे. त्याच्या वर तीन गाई एका ओळीत. पहिल्या दोन समोर बघताहेत, तिसरीने मान वळवून मागे पाहिलंय, आणि तिच्या पायाशी वासरू. दुसरी चौकट: वीर एकटा, समोर दोन भालेकरी. तिसरी: दोन अप्सरा, उजवीकडचीचा चेहरा झिजलेला. माथ्याचा चंद्र शाबूत, सूर्याच्या बाजूचा तुकडा उडालेला. दगडामागे तीन पायऱ्या, निळ्या ऑइलपेंटने रंगवलेल्या, आणि एका पायरीत लोखंडी कडी बसवलेली.

कानाने_वाचतो
ऐकलं. पहिल्यांदाच मला तुमच्या फलकावरचा एक दगड 'दिसला'. वासराचं तोंड कुठे आहे?

शिलारेखा
मोठं करून पाहिलं. आईच्या मानेच्या दिशेनेच, वर. अकरा वर्षांत माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

पाऊलखुणा
ताई, अशी वर्णनं विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावरही मराठीत देता येतात. २०१९ पासून तिथे एकाच चित्राला अनेक भाषांत मथळे जोडता येतात. स्वतः काढलेले फोटो तिथे चढवलेत आणि मथळ्यात 'वीरगळ, विरगळ' दोन्ही लिहिलंत, की पुढच्या माणसाची संध्याकाळ वाचेल.

गणिती
वर्णनं लिहाल ती सारणीतही चिकटवा. मग 'मान वळवलेली गाय' असं शोधता येईल. गाईच्या मानेचा स्तंभ केला नव्हता म्हणालात ना, तो असा तयार होतोय. वेळ लागत असेल तर पन्नास माझ्याकडे द्या. रोज पाच लिहीन, चौकटी खालून वर.

माणगंगाकाठ
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, फक्त यासाठी.

काल रात्री जेवताना आईला हा धागा वाचून दाखवत होतो. तिला बारीक अक्षर दिसत नाही, फोटो तर नाहीच नाही. २१७ चं वर्णन वाचलं आणि ती म्हणाली, "कडी हाय न्हवं पायरीत? बैल बांधायची ती. आमच्या म्हायेरची." मी म्हटलं, निळ्या पायऱ्या कितीतरी देवळांना असतात. ती म्हणाली, "वासरू हाय का न्हाई त्ये सांग." आहे म्हटलं. "मग त्योच. आमी पोरी त्याच्यावर पाणी घालायचो, वासराला तहान लागती म्हणून."

आज सकाळी मामेभावाला फोन केला. त्याने दगडाचा फोटो काढून पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. उजवी अप्सरा झिजलेली, सूर्य उडालेला, कडी तिथेच. पायऱ्या आता पिवळ्या रंगवल्यात. माण तालुका. गावाचं नाव इथे लिहीत नाही, दगड देवळाच्या मागच्या अंगाला सुटाच उभा आहे. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा.

शिलारेखा
पाहिला. मामेभावाचा फोटो आणि माझा फोटो शेजारी ठेवून एकेक चौकट ताडून पाहिली. तोच आहे.

२१७ बेवारस कोपऱ्यातून काढला. पटावर डावीकडे, गाईंच्या ओळीत, सहाव्या जागी ठेवलाय, कड हिरवी. वर्णनात शेवटी एक ओळ घातली: 'गावातल्या मुली या वासराला पाणी घालत असत.' आईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्या ऐकणार असतील तर २१८ चं वर्णन आज रात्री टाकते.